स्लो वायफाय आणि आमचा भामरे

लोकांना वाटतं, इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात बसणं म्हणजे रूक्ष काम. एकदा येऊन बघा म्हणावं! तक्रार सगळ्यांची एकच, "वायफाय स्लो आहे." पण कारणं? एका घराचं कारण दुसऱ्या घराला लागू पडेल तर शपथ! गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं एवढंसं ऑफिस. फोन मी घेते, घरोघरी भामरे जातो. संध्याकाळी तो चहा पिता पिता दिवसभराचं सांगतो आणि माझ्याकडे किस्से साचत जातात. फोनमधले फोटो उडवते मी जागा करायला, पण हे किस्से काही उडवता येत नाहीत.

भामरे मूळचा नामपूरचा. आईवडील गावी कांद्याच्या शेतीत, हा नाशकात. कामाला एकदम चोख. पण त्याच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे लग्न जमत नव्हतं. स्थळ यायचं, बोलणं पुढे सरकायचं आणि "नोकरी परमनंट आहे का?" या प्रश्नावर गाडी अडायची. दुसरी त्याची खोड. गिऱ्हाईकाची चूक गिऱ्हाईकाला म्हणून सांगायची नाही! घरात काहीही सापडो, हा हात पुसत बाहेर येऊन म्हणणार, "काही नाही, आमच्याच लाईनमध्ये प्रॉब्लेम होता."

आमचे सर वैतागायचे. "अरे भामरे, आपण नेट देतो की घरोघरी माफी मागत फिरतो?"

*

गेल्या थंडीत एका काकूंच्या घरून सारखी तक्रार. सकाळी नेट पळायचं, संध्याकाळ झाली की रांगायला लागायचं. भामरे दोनदा सकाळी जाऊन आला, सगळं ठणठणीत! मुलगा घरून काम करणारा, तो फोनवर माझ्यावरच खेकसायचा.

शेवटी भामरे मुद्दाम संध्याकाळी गेला. बघतो तर राऊटर टॉवेलमध्ये गुंडाळलेला आणि त्याच्या डोक्यावर स्टीलचं मोठं पातेलं!

"काकू, हे काय?"

"दही लावलंय रे. या गारठ्यात दुसरीकडे कुठे लागतच नाही मेलं. तुमचं हे मशीन कसं छान कोमट असतं!"

मुलगा बाहेरच्या खोलीतून विचारतोय, "सापडला का फॉल्ट?" काकूंचा चेहरा पडला. भामरेने पातेलं हळूच उचलून ओट्यावर ठेवलं आणि ओरडून सांगितलं, "सापडला! आमच्या लाईनमध्येच होता!"

दुसऱ्या दिवशी सर कपाटात शोधाशोध करत होते. "आपला तो जुना राऊटर कुठे गेला रे?"

"काकूंच्या ओट्यावर लावून दिला सर. नेटला नाही, दह्याला."

*

संक्रांतीनंतरचा किस्सा. एका बिल्डिंगमधल्या वहिनींच्या घरी अचानक सगळंच मंदावलं. पोराचा ऑनलाईन क्लास अडकतोय, कॉम्प्युटरवर साधं पान उघडायला चहा होऊन जातोय. भामरेने राऊटरला कोण कोण जोडलंय ते पाहिलं, तर अख्खी बिल्डिंग! वर शेजारच्या बिल्डिंगमधल्याही दोघी.

"वहिनी, पासवर्ड कोणाला दिलाय का?"

वहिनी म्हणाल्या, "दिलाय ना. दरवर्षी वाण म्हणून वाट्या द्यायच्या, डबे द्यायचे, सगळ्यांच्या घरी नुसते ढीग झालेत. म्हटलं यंदा हळदीकुंकवाला काहीतरी उपयोगाचं द्यावं. छान चिठ्ठ्या करून दिला पासवर्ड. सगळ्या किती खूश झाल्या!"

"आता बदलावा लागेल वहिनी."

"अहो, काहीतरीच काय! दिलेलं वाण परत घेतात का?"

 भामरेने वहिनींना मोठा प्लॅन घ्यायला सांगितला आणि निघाला. जाताना त्यांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि सवयीने चिठ्ठीसुद्धा!

*

तुम्ही म्हणाल, चुका फक्त गिऱ्हाईकंच करतात की काय? छे! एकदा एका सरकारी बाबूंच्या घरी भामरेने अर्धा दिवस घालवला. बाहेरची वायर बदलली, गच्चीवर चढून जोड तपासला. स्पीड वाढायचं नाव नाही. मूळ तक्रार काय होती हेही तोवर सगळे विसरले होते.

कोपऱ्यात पलंगावर बसून एक आजी हे सगळं बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बाळा, मघापासून सांगीन म्हणते. तुझी पिशवी तेवढी त्या डबीवरून काढ. तिचे दिवे दिसेनासे झालेत."

पक्कड, हातोडी, वायरचं भेंडोळं, सगळं भरलेली ती पिशवी यानेच आल्या आल्या खुंटीला अडकवली होती. बरोबर राऊटरच्या तोंडावर!

मी विचारलं, "मग काय सांगितलंस त्यांना?"

"तेच. लाईनमध्ये प्रॉब्लेम होता म्हटलं. स्वतःसाठी पहिल्यांदाच वापरलं, ताई."

*

आणि आता खैरनारांचं घर. इथे मी स्वतः हजर होते.

भामरेला स्थळ आलं. मुलगी अश्विनी, अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. भामरेला फोटो फारच आवडला होता. आठवडाभर तो चहात साखर आहे की नाही हेसुद्धा बघत नव्हता! नामपूरहून आईवडील आले. "ताई, आई शहरात बुजते, तुम्ही चला बरोबर," अशी त्याने मला गळ घातली. मी गेले. खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं.

पोहे झाले, चहा झाला. भामरेच्या आईने धीर करून सांगितलं, "मना पोऱ्या लई गुणी शे." तेवढ्यात खैरनार काकांनी हॉलमधला कॉम्प्युटर सुरू केला. अश्विनीचे मामा पुण्याला असतात. त्या घरात मामांचा शब्द शेवटचा, म्हणून मामा व्हिडिओ कॉलवर मुलगा बघणार होते.

मामा स्क्रीनवर आले, खाकरले, म्हणाले, "बरं, नोकरी..." आणि गोठले! तोंड उघडं, एक बोट वर. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत बसलो.

काका भडकले. "ही नेटवाली कंपनी एक नंबरची भिकार आहे! काल तक्रार केली, तर बाई म्हणतात, आमचा माणूस सुट्टीवर आहे, सोमवारी येईल!"

ती बाई म्हणजे मी. आणि सुट्टीवरचा माणूस त्यांच्याच सोफ्यावर पोहे खाऊन बसलेला! 

भामरे उठला. "राऊटर कुठे आहे?" काका त्याला आत घेऊन गेले. माझ्या खुर्चीतून आतली खोली दिसत होती. काकांनी लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी घर आवरताना, वायरींचा पसारा नको म्हणून त्यांनी स्वतःच वायर फटीतून आत घेऊन राऊटर साड्यांच्या कप्प्यात ठेवून दार लावून टाकलं होतं! दार उघडलं आणि काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारे कानापर्यंत लाल झाले.

भामरेने राऊटर काढून कपाटावर ठेवला. बाहेर मामांचं बोट हललं.

"काय झालं होतं?" मामांनी विचारलं. सगळे आतून येणाऱ्या दोघांकडे बघायला लागले. अश्विनीसुद्धा.

"काही नाही मामा," भामरे म्हणाला. "आमच्याच लाईनमध्ये प्रॉब्लेम होता."

"आमच्या म्हणजे? तुम्ही त्याच कंपनीत?"

"हो."

"नोकरी परमनंट आहे का?"

"नाही."

संपलं! निघताना कोणी "कळवतो" याच्यापुढे बोललं नाही. रिक्षात मी त्याला फाडून खाल्लं. "अरे, कपाटात होता म्हणायला काय झालं होतं तुला? आज तरी!"

"मुलीसमोर तिच्या वडिलांना कसं सांगणार, ताई?" असं म्हणून तो बाहेर बघत बसला. मला फार वाईट वाटलं.

निरोप काही येईना. भामरे कामाला यायचा, पण चहाच्या वेळी एकही किस्सा नाही. सरांनीसुद्धा त्याला बोलणं सोडून दिलं.

मग एका शनिवारी दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल आला. उचलला तर खैरनार काका, आपल्या हॉलमधल्या त्याच कॉम्प्युटरसमोर बसलेले.

"मॅडम, आमचं नेट साफ बंद पडलंय. सकाळपासून काहीच चालत नाही. ताबडतोब भामरेंना पाठवा. दुसरं कोणी नको."

चित्र इतकं स्वच्छ होतं की काकांच्या शर्टाच्या खिशावरची शिवण दिसत होती.

मी म्हटलं, "बरं काका. लगेच पाठवते."

काकांच्या शेजारी ठेवलेल्या मोबाईलमधून अश्विनीचा आवाज आला, "बाबा, लगेच नको! सहानंतर म्हणा. मी सहाला सुटते!"

काकांनी मोबाईलकडे मान वळवून "हो गं बाई" म्हटलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

"सहानंतर पाठवा मॅडम. आणि जेवून येऊ नका म्हणावं."