छताकडे वळवलेला आरसा

जप्तीसाहेबांनी उतारवयात एक लांबलचक काळी गाडी घेतली आणि तिच्या मागच्या सीटवर मेलेला माणूस बसतो, अशी कुजबूज आमच्या गल्लीत सुरू झाली. सुरुवात इस्त्रीवालीनं केली. दिवेलागणीला कपडे पोचवून परत येताना तिला गाडीच्या मागच्या काचेत टोपीवालं डोकं दिसलं, आणि ते डोकं ज्याचं होतं तो टॅक्सीवाला तर कधीच गेलेला. न्हाव्यानं त्यात खोकला घातला. दूधवाल्यानं सिगरेटचा वास घातला. माझ्यापर्यंत येईस्तोवर मेलेला माणूस साहेबांना रस्ता सांगत होता आणि वळण चुकलं की खेकसतही होता. भुतानं इतकं कामसू असावं, याचं मला कौतुक वाटलं. पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

जप्तीसाहेब हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. तोंडावर साहेब, पाठीमागे गिधाड. काम एकच, गाडीचे हप्ते थकले की कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वतीनं जायचं आणि गाडी घेऊन यायची. त्यात दमदाटी नाही की आवाज चढवणं नाही. हात जोडून म्हणायचे, "आतलं सामान तेवढं काढून घ्या," आणि पाठ फिरवून उभे राहायचे. माणूस आपली गाडी रिकामी करत असताना त्याच्याकडे बघू नये, ही त्यांची सभ्यता. मग चावी घ्यायची, आत बसायचं आणि गाडी चालू करण्याआधी आतला आरसा वर छताकडे वळवायचा. दारात उभं राहिलेलं घर त्यात दिसू नये म्हणून. बाजूचे आरसे तसेच ठेवायचे. त्यांत माणसं लहान दिसतात, ती चालतात, असं एकदा मला म्हणाले होते.

घाईघाईत सामान काढताना काही ना काही राहतंच. ते मागायला गिधाडाच्या दारी कोण जाणार? सगळं साहेबांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जमा व्हायचं. छत्र्या, लहान मुलाचा एकच मोजा, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, कुणाची तरी फणी. वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, पाहुण्यांना सांगायच्या, "घरात आम्ही दोघंच. वरची मंडळी वेगळी." साहेबांना हा विनोद सोसायचा नाही. दुपारी घर शांत असलं की त्यांना ट्रंकेत कुणीतरी चाचपडतंय असं ऐकू यायचं. वहिनी म्हणायच्या उंदीर. पिंजरा लावला, खोबरं लावलं. उंदीर काही सापडला नाही.

त्या ट्रंकेत एक चष्म्याचं घर होतं, रबरबँड लावलेलं. ते त्यांच्या व्याह्याचं.

साहेबांच्या एकुलत्या एक मुलानं टॅक्सीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. लग्नाला वर्षही झालं नसेल, आणि टॅक्सीचे हप्ते थकले. जप्तीचं काम साहेबांकडे आलं. ते दुसऱ्याकडे देता आलं असतं. पण परका माणूस व्याह्याचा अपमान करेल, गाडीला ओरखडे पाडेल, त्यापेक्षा आपणच जाऊन नीट करू, असं या गृहस्थांनी ठरवलं. गेले. हात जोडले. "आतलं सामान तेवढं काढून घ्या," म्हणाले आणि व्याह्याकडे पाठ करून उभे राहिले. सून दारात होती. आरसा छताकडे गेला.

त्याच आठवड्यात मुलगा बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेला. बापाशी बोलणं बंद. टॅक्सीवाल्याच्या घराला कुलूप लागलं. कुणी म्हणालं तळ्याकाठी चपला सापडल्या, कुणी म्हणालं चपला नाहीत, टोपी. गल्लीनं त्याला दोन दिवसांत मारून टाकला. साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही. घरी मात्र बजावलं, "त्या टॅक्सीचं आणि त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही." वहिनींनी आयुष्यात नवऱ्याचं एवढं एकच म्हणणं तंतोतंत पाळलं. मुलाशी त्या फोनवर बोलायच्या, पण साहेब खोलीत आले की भाजीचे भाव सुरू.

निवृत्तीनंतर साहेबांना गाडीची हौस आली. शेकडो भारी गाड्या चालवल्या, पण प्रत्येक वेळी सीटच्या कडेवर बसून, पाहुण्यासारखं. एकदा तरी टेकून बसायचं होतं. पैसे साठलेले होते. रोखीनं घ्यायची, हे ठरलेलंच. ज्यानं जन्मभर हप्त्यांची दुसरी बाजू पाहिली, तो कर्जाला चिमट्यानंसुद्धा शिवणार नव्हता.

शोरूममध्ये टाय लावलेला, केस गुळगुळीत बसवलेला एक विक्रेता होता. चालवून बघा म्हणाला. साहेब बसले आणि सवयीनं हात वर गेला. आरसा छताकडे.

"साहेब, मागचं दिसणार नाही अशानं."

"दिसू नये म्हणूनच," साहेब म्हणाले.

पहिल्याच चौकात त्यांनी गाडी कडेला घेतली. मागे कुणीतरी खोकलं होतं. विक्रेता शेजारी बसलेला, मागे कुणी नाही. त्यांनी समोरचा कप्पा उघडला आणि आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. नवी कोरी गाडी, कप्प्यात काय असणार? हा सगळा भाग विक्रेत्यानं पुढे न्हाव्याला सांगितला, म्हणजे तो गावाला कळला.

परत आल्यावर विक्रेत्यानं दोन्ही वाटा मांडल्या. रोख दिलेत तर घसघशीत सूट, महिनाअखेरपर्यंत. कर्ज घेतलंत तर पैसे हाताशी राहतील, पण व्याज जाईल. "आणि या वयात बँक एकट्याच्या नावावर देणार नाही. मुलाची सही लागेल, बँकेत समोर बसून. मुलगा आहे ना?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला.

"आहे," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की गाडी कर्जानं घ्यायची. वहिनींचा पट्टा सुरू झाला. डोकं ठिकाणावर आहे का, पैसे बँकेत लोळतायत आणि व्याज कुणाचे तीर्थरूप भरणार, सूट सोडायला आपण काय संस्थानिक लागून गेलो? साहेब ऐकत राहिले. वहिनी श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा म्हणाले, "रोख दिले तर कुणाला यायची गरजच पडणार नाही."

वहिनी उठल्या. आत जाऊन चहा टाकला, आणि नेहमी कपात मोजून घालणाऱ्या त्या बाईनं साखर दोनदा घातली.

फोन मात्र करू दिला नाही साहेबांनी. आपण बोलवायचं नाही, बँक बोलावेल. तो नाही म्हणाला तर रोख भरून टाकायचे, गाडी दारात उभी करायची आणि विषय संपला. संपला म्हणजे कायमचा संपला, हे दोघांनाही कळत होतं. बापाला मुलाची गरज पडावी असं दुसरं काही आता उरलेलं नव्हतं.

बँकेनं मुलाला कळवलं. उत्तर येईना. विक्रेत्याचे फोन यायला लागले. सूट जाईल साहेब, काय ते ठरवा. साहेबांनी ट्रंक खाली काढली. संध्याकाळी गल्लीत कुठलाही हॉर्न वाजला की उठून खिडकीशी जायचे. त्या टॅक्सीचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, तोच ऐकू येतोय म्हणायचे. चष्म्याचं घर उघडायचे, काचा पुसायचे, बंद करायचे. एकदा वहिनींना म्हणाले, "तो येऊ देणार नाही त्याला."

वहिनींना वाटलं बँकेचा मॅनेजर. म्हणाल्या, "त्याच्या बापाची पेंड आहे का?"

अखेर बँकेचा निरोप आला. मुलगा येतोय, सोबत आणखी एकाला आणतोय. कोण ते सांगितलं नव्हतं.

बँकेतली ती काचेची खोली मी पाहिली आहे. टेबल, चार खुर्च्या आणि एक प्लास्टिकचं झाड. साहेब वहिनींना घेऊन अर्धा तास आधी जाऊन बसले होते. दाराकडे तोंड करून, सीटच्या कडेवर. मुलगा आला. कानाजवळचे केस पिकलेले. बापाकडे न बघता खुर्ची ओढून बसला. त्याच्या मागून टोपी घातलेला एक बुटका म्हातारा आत आला आणि खोकला.

साहेबांची पाचावर धारण बसली. वहिनी सांगतात, त्यांनी आधी त्या माणसाचे पाय पाहिले, सरळ आहेत की उलटे. चपला झिजलेल्या होत्या, पण पाय सरळ होते.

म्हातारा साहेबांच्या शेजारीच बसला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग म्हणाला, "कुठं सही करायची ते बोटानं दाखवा व्याहीबुवा. माझा चष्मा तुमच्याकडेच राहिलाय."

साहेबांनी कोटाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. रबरबँड काढताना तुटलं. व्याह्यानं चष्मा चढवला, साक्षीदाराच्या जागी सावकाश सही केली आणि नंबर वाढलाय म्हणाला. मुलानं सही केली. पेन टोपण लावून बापाच्या बाजूला ठेवलं.

"येतो, बाबा," एवढंच म्हणाला.

घरी गेल्यावर साहेबांनी वहिनींना धरलं. तुला माहीत होतं?

"म्हणजे काय! लेकीकडेच तर राहतात ते. दर फोनला बोलायचे माझ्याशी."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" वहिनी म्हणाल्या. "आणि नाव काढायचं नाही, हे कुणी सांगितलं होतं?"

गाडी आली. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली आणि दुपारी अजून वाजते. मुलगा महिन्यातून एकदा येतो, सासऱ्याला साहेबांकडे सोडतो, आईच्या हातचं जेवतो. त्या गाडीत तो अजून बसलेला नाही. बसनं येतो, बसनं जातो. साहेब आता टेकून बसतात. आतला आरसा सरळ असतो, पण रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतात, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचं टाळतो.

मागच्या सीटवर बसतो तो टॅक्सीवाला व्याही. तो मेलेला नाही. जन्मभर पुढे बसून कंटाळा आला म्हणून तो मागे बसतो.