डावा खुबा आणि धाकटीचा चीक

ये, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी त्या लेकीला कडेवरून खाली उतरव बरं. तुझ्या आईनं मोबाईलमध्ये फोटो दाखवला, त्यात तू पोरीला डाव्या कडेवर घेऊन, कंबर वाकडी करून उभी. कितीदा सांगितलं, कड बदलत जा. मावशीचं ऐकायचंच न्हाई असं ठरवलंस का?

माझा डावा खुबा असाच गेला. कापूस वेचताना कमरेला झोळी बांधायची, अन् ती मी नेहमी डावीकडं ओढून घ्यायची. झोळी भरली की सारं ओझं त्या एका हाडावर. पाण्याची घागरबी त्याच कडेवर. एवढी वर्षं निभलं. मंग दोन वर्षांमागं त्या कुशीवर निजता येईना, एसटीची पायरी चढताना डोळ्यात पाणी यायचं.

माझ्या धाकट्या जावेला तेच दुखणं माझ्या पंधरा दिवस आधी लागल्तं. आमचं अंगण एक, शेत एक, दुखणंबी एकच निघालं. पण तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं, अन् तिच्या सुनेनं तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं, जालन्याला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. माझी सून नोकरीच्या गावी, ती फोनवर विचारते. मी ओसरीवरून ती जीप जाताना पाहिली अन् जळले, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी ती परत आली अन् म्हणाली, "अक्का, तुम्हीबी लंगडून राह्यल्या. उद्या चला."

मी म्हणले, "मला काय झालं? चप्पल चावली."

मंग तिच्यावर मात करायची म्हणून मी घरीच इलाज मांडला. शेजारणीकडून तेल लावून तो खुबा रगडून घेतला, वरून तापलेल्या विटेचा शेक. जेवढं दुखंल तेवढा गुण, असं आपलं जुनं मत. कातडीवर फोड आला अन् सूज दुप्पट झाली.

तेवढ्यात कुरडयांचा दिवस आला. तुला ठाऊक आहे, आमच्या गल्लीत गव्हाचा चीक मीच शिजवते. चुलीपुढं उकिडवं बसून, पातेलं पायानं दाबून, गाठ न होऊ देता घाटायचं. सून म्हणून आले तेव्हापासून ती पळी माझ्या हातात. त्या दिवशी मी बसायला गेले अन् खुब्यातून अशी कळ निघाली की भिंत धरून उभी राह्यले. धाकटीनं गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली, उभ्यानं पळी धरली. तिला डॉक्टरनं उकिडवं बसायला मना केल्तं.

मी म्हणले, "उभ्यानं कुठं चीक शिजतो का? गाठी होतील."

एकबी गाठ झाली न्हाई. काचेवाणी चीक. बाया म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला गुण आला." मी साखर घालून वाटीभर खाल्ला. गोड होता, तेच मनाला जास्त लागलं.

आता लाजेची गोष्ट सांगते. तिला गुण कशानं आला? गोळ्यांनी, असं मला वाटलं. तिच्या फडताळातून मी दोन दिवस गोळ्या काढून खाल्ल्या. वरून माझी बीपीची गोळी चालूच. पोटात आग पडली, उलट्या झाल्या. धाकटीनं पाकीट पाहिलं अन् कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अक्का, गोळ्या माझ्या खाल्ल्या, आता डॉक्टरबी माझाच घ्या. चला, जीप आणली."

डॉक्टर माझ्यावर चांगलाच तापला. दुसऱ्याच्या गोळ्या खायच्या न्हाईत, बीपीवाल्यानं तर बिलकुल न्हाई. मंग समजावलं. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर पाण्याची बारकी पिशवी असती, हाड अन् मांस एकमेकांवर घासू नये म्हणून. एकाच बाजूला ओझं पडलं, घासलं, की ती सुजते. रगडलं की आणखी सुजते. त्या कुशीवर निजायचं न्हाई, दुसऱ्या कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. ओझं बंद. बर्फ कपड्यात गुंडाळून थोडा वेळ. कळ कमी झाली की हळूहळू पायाचा व्यायाम. तरी दुखणं थांबलं न्हाई तर खुब्यात सुई द्यायचा विचार. अन् ताप आला, खुबा लाल झाला, किंवा पडल्यावर पायावर भार देता आला न्हाई, तर जल्दी यायचं.

धाकटीनं हे सगळं पाळल्तं. गोळी आठच दिवस, व्यायाम रोज. मी तिची फक्त गोळी पाहिली.

आता बरी आहे, पण तिच्यापेक्षा हळू. ती सकाळी ओसरीवर पाय उचलते, मी माझ्या खाटेवर तिच्यापेक्षा दोनदा जास्त उचलते. तिला कळतं. हसते अन् म्हणते, "अक्का, शर्यत न्हाई लागली." लागली आहे.

यंदा गहू भिजवायला काढून ठेवलाय. दोन शेगड्या मांडायच्या ठरल्यात, एक तिची, एक माझी, दोघीबी उभ्यानं. चव घ्यायला तू ये. पोरीला चालवत आण, न्हाई तर पाळीपाळीनं दोन्ही कडेवर. अन् जीपमधून उतरलीस की आधी माझ्या ओसरीवर ये, मंग तिच्या. लवकर ये.