वकीलकाकांचं फ्रेंच

अशिलांची गुपितं ओरडून सांभाळणारा वकील जगात एकच निपजला, आणि तो आमच्या नशिबी घरमालक म्हणून आला. पार्सिपनी शहरातली नोकरी सुटल्यावर आम्ही अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातल्या, गिरण्या कधीच बंद पडलेल्या एका गावात त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो. खाली त्यांचं ऑफिस. आमच्या सईचे ते वकीलकाका, म्हणून आमचेही. त्यांचे आजोबा कॅनडाच्या फ्रेंच भागातून इथल्या कापडगिरणीत कामाला आले होते. गावात अशी फ्रेंच बोलणारी घरं पुष्कळ, आणि त्या सगळ्यांची मृत्युपत्रं, पेन्शनचे तंटे, कुंपणावरून झालेली भांडणं काकांनी जन्मभर निस्तरली. अशील बहुतेक म्हातारे आणि ठार बहिरे. त्यामुळे काका मृत्युपत्र फ्रेंचमध्ये वाचून दाखवू लागले की घर कोणाला मिळालं आणि नुसतं घड्याळ कोणाला, हे कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत ऐकू जाई. मी एकदा भीत भीत विचारलं, की हे सगळं गुप्त ठेवायचं असतं ना? काका शांतपणे म्हणाले, "तरुणांना फ्रेंच कळत नाही, आणि म्हाताऱ्यांना हे आधीच माहीत आहे."

इंग्रजी कागदावर ते कोणाला मुकाट्याने सही करू देत नसत. "यात काय लिहिलंय ते आधी आपल्या भाषेत मला सांग," म्हणून अडून बसत. एक आजी सांगायला लागल्या त्या गेलेल्या नवऱ्याच्या खोड्यांवर घसरल्या, त्यात दुपार गेली, आणि उठताना मृत्युपत्रातून धाकट्या बहिणीला वगळायचा बेत त्यांनी आपणहून सोडून दिला. खटला जिंकल्यावरही काका इतके खूश झालेले मी पाहिले नाहीत.

सई शाळेतून आली की दप्तरासकट त्यांच्याकडेच. लहानपणी फ्रेंच बोलल्याबद्दल काकांनी शाळेत मार खाल्ला होता; त्याचा सूड म्हणून की काय, त्यांनी माझ्या मुलीला ती भाषा घोटून शिकवली. मी वरून मराठीत जेवायला हाक मारायचो. मला "कमिंग, बाबा" एवढंच मिळायचं, आणि काकांचा निरोप मात्र लांबलचक फ्रेंचमध्ये घेतला जायचा.

आता काका वृद्धाश्रमात आहेत. विसरण्याच्या आजारात त्यांचं इंग्रजी आधी गेलं, फ्रेंच तेवढं उरलं. तिथल्या नर्सला वाटतं, ते नुसतं पुटपुटतात. परवा सई आणि मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगाही बॉस्टनहून आला होता. त्याला फ्रेंच येत नाही. बापाचा हात धरून त्याने सईला विचारलं, "व्हॉट इज ही सेइंग?"

"ही वॉन्ट्स टू नो इफ यू हॅव ईटन," सई म्हणाली.

त्या साठीच्या गृहस्थाने बापाकडे पाहून मान डोलावली, जेवलो म्हणून. मला बाहेर जावंसं वाटलं. उद्या माझंही इंग्रजी जाऊन मराठीच उरली तर माझ्या आणि सईच्या मध्ये कोण बसणार?

परतताना गाडीत मी तिला मराठीत विचारलं, "कुठे थांबून जेवू या का?"

"शुअर, बाबा," ती म्हणाली.

मग घर येईपर्यंत मी मराठीतच बोलत राहिलो, गरज नव्हती तेही.