क्षमेच्या ओळीचं चित्र

फ्रेमवाल्यांच्या बैठकीत आलेला पाहुणा सहसा चहा संपवेपर्यंत टिकत नसे. भिंतीवर चर्चमध्ये म्हणतात त्या प्रभूच्या प्रार्थनेची आठ चित्रं होती, ओळीला एक, पण प्रभूचा पत्ता एकातही नव्हता. रोजच्या भाकरीच्या ओळीला दात असलेला पाव. स्वर्गाच्या ओळीला पाण्यात बुडालेली शिडी. बायको झाडू मारतानाही तिकडे पाठ करी.

मधोमध एक खिळा रिकामा होता. ती क्षमेची ओळ: जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाने संचातलं तेवढं एक चित्र गुपचूप काढून नेलं. पुढचा दात पडलेल्या तोंडासारखी भिंत अकरा वर्षं फ्रेमवाल्यांकडे बघत होती, आणि अकरा वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं.

"तो गेला तरी चालेल, माझा संच पुरा झाला पाहिजे," एकदा ते बोलून गेले.

"असं अभद्र बोलू नये," बायको म्हणाली.

मग भावजयीचा फोन आला. "भाऊजी, यांचं काही खरं नाही. सारखी तुमची आठवण काढतायत. चित्रही घेऊन जा म्हणतात."

"गुंडाळलेलं नाही ना? सपाटच ठेवा," फ्रेमवाले म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, भाऊ कसा आहे हे विचारायचंच राहिलं.

दुपारी ते पोचले. खोलीत औषधांचा वास होता. भाऊ इतका वाळला होता की पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटेना. उशाशी टेबलावर चित्र होतं: खुर्चीवर एक रिकामा कोट, दोन्ही बाह्या पुढे पसरलेल्या. फ्रेमवाल्यांनी ते उचललं, कामाच्या सवयीने दोन्ही हातांनी, कडांना धरून. एका हाताने धरलं तर कागदाला घडी पडते.

"दादा, चोरलं होतं मी ते," भाऊ म्हणाला. "मला माफ कर." आणि त्याने हात पुढे केला.

"थांब, जरा उजेडात बघू दे."

ते खिडकीशी गेले. चारही कोपरे शाबूत होते. कडेला एक पिवळा डाग होता, पण तो चित्राभोवतीच्या माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाकला गेला असता. जीव भांड्यात पडला.

"ठीक आहे रे," ते पाठमोरेच म्हणाले. "एवढा एक डाग सोडला तर." वळून पाहिलं तर भावाचा हात पलंगावरून खाली लोंबत होता, तळवा अजून उघडाच.

भावजय पाणी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. "बोललात ना त्यांच्याशी? माफ केलंत ना?"

"हो," फ्रेमवाले म्हणाले. चित्र अजून त्यांच्या दोन्ही हातांत होतं.

माती झाल्यावर आठवड्याने त्यांनी ते खिळ्याला लावलं. संच पुरा झाला. संध्याकाळी बायकोने नेहमीची प्रार्थना सुरू केली, आणि क्षमेच्या ओळीपाशी तिला आपल्या एकटीचाच आवाज ऐकू आला.

"म्हणा ना पुढे," ती म्हणाली.

फ्रेमवाले भिंतीकडे बघत बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे.