जुना दिसणारा कागद

मंडळी, लाकडी ठसे मी कोरले. ओला कागद साच्यावर दाबून उठावाची वेलबुट्टी काढली, हिरड्याच्या पाण्यात भिजवून कागद जुना केला, तोही मीच. कुणाकडे शिकलो नाही.

आज दुपारी हिर्डोशीचे एक पाव्हणे याच कागदाची माझी चौकट न्याहाळत म्हणाले, "तात्या, शंभर वर्सांची वाटती!" मी सुखावलो.

मग त्यांनी दार लोटलं. "असाच एक कागद करा, वर शिक्का. आमच्या गावच्या धनगराचं चराऊ रान आमच्या आज्याचं हुतं, असं दरबारात दाखवायचंय."

"त्याची मेंढरं कुठं जातील?"

"तुमी ठसा मारा. मेंढरांचं आमी बघतो."

मी ठसे पेटीत भरले आणि पेटीवरच बसलो.

"न्हाई तर न्हाई. पुण्यात दुसरा मिळंल," म्हणत ते उठले.

धनगराला आजच सावध करायला हवं. माझ्याबरोबर कोण येतंय? मी नाकारलेली बोली होती एका कागदाचे दोनशे रुपये, चांदीचे कलदार.