उज्ज्वलाच्या कमरेची चाबी

बोरी अरबपासून पाच किलोमीटरवर आमचा तांडा. तांड्यात डी.एड. होऊन आलेली पहिली सून म्हणजे धरमसिंगची उज्ज्वला. लग्नात धरमसिंगनं देण्याघेण्याची गोष्ट काढली नाही, पण सुनेचं प्रमाणपत्र मात्र मांडवात फिरवलं. प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं होतं. ज्यानं त्यानं हातात घेऊन पाहिलं. तांड्यातल्या म्हाताऱ्या सुखीबाईनं तर ते कपाळाला लावलं आणि मग विचारलं, "हे कोन्या देवाचं हाय?" मी गावच्या शाळेतला सातवी पास, म्हणून वाचून दाखवायचा मान मला. दोन ठिकाणी अडखळलो, पण कोणाला कळलं नाही. तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं.

पुढं ती रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत लागली. शाळेचं नाव राहू द्या. संस्थेचे सचिव सदाशिवराव, एवढं पुरे. नोकरी लागली की दहावीपासूनचे सगळे मूळ कागद शाळेत जमा करायचे, ही तिथली रीत. कागद त्यांच्याजवळ, झेरॉक्स आपल्याजवळ. भर वर्षात कोणी सोडून जाऊ नये म्हणून. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. धरमसिंग तर सांगत फिरे, "सुनेचे कागद लोखंडी आलमारीत असतात," जसं काही सोनंच बँकेत ठेवलं.

मग कोरोना आला. मार्चमध्ये शाळा बंद, जूनपासून पगार अर्धा, आणि दसऱ्यापर्यंत अर्ध्याचाही तिसरा हिस्सा झाला. सदाशिवराव हात जोडून सांगत, "फी येत नाही बाई, मी कुठून आणू?" खोटं बोलत नव्हते. माझी नात पायल त्याच शाळेत चौथीत होती आणि तिची फी मीच भरली नव्हती.

पगार घटला तसं काम वाढलं. सकाळी मोबाइलवर वर्ग. आमच्या तांड्यात नेटवर्क येतं ते तिच्या सासूच्या, धनीबाईच्या गोठ्यापाशी. उज्ज्वला तिथं उभी राहून इंग्रजी कविता शिकवी आणि मधेच म्हैस हंबरे. एकदा तिनं विचारलं, "आता पुढची ओळ कोण म्हणणार?" तर म्हशीनंच म्हटली. पोरांना तेवढीच पाठ झाली. दुपारी ती शाळेच्या ऑफिसात जाई, कारण रामधन बाबूला कामावरून काढलं होतं आणि बाबूचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. अक्षर चांगलं आणि घर जवळ, हा तिचा गुन्हा. कामासोबत आलमारीची चाबी आली. आलमारीत सात शिक्षकांच्या सात फायली. सदाशिवरावांनी यादी करून तिची सही घेतली : सात फायली ताब्यात मिळाल्या. तिनं चाबी कमरेला खोसली.

दिवाळी झाली आणि केळापूरकडच्या एका निवासी शाळेतून तिला फोन आला. पूर्ण पगार, राहायला खोली. फक्त सोमवारी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाही तर पुढच्या नंबराला बोलावणार. तिचा नवरा प्रेम पुण्याची कंपनी बंद पडल्यापासून घरी होता, लोकांच्या वावरात कापूस वेचत होता. तेव्हा ही जागा म्हणजे काय होती, ते मी वेगळं सांगत नाही.

ती सदाशिवरावांकडे गेली तेव्हा मी ऑफिसातच बसलेलो. बकरी विकून पायलची फी चुकती केली होती आणि टीसी मागायला आलो होतो, तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत टाकायला.

"सर, माझे मूळ कागद पाहिजे होते," उज्ज्वला म्हणाली.

"कशाला?"

"दुसरीकडे जागा आहे. सोमवारी बोलावलं."

"एप्रिलमध्ये घ्या. आज तुम्हाला दिले की उद्या ममताबाई येतील, परवा उर्वशीबाई. मग वर्गात मी काय घरचे लोक उभे करू?"

"पण सर, पगार तर तुम्ही पुरा देत नाही."

"देईन ना. परिस्थिती आहे ही, कायमची थोडीच आहे?" ते तोंडावरचा मास्क नीट करत म्हणाले, "आणि बाई, आलमारीची चाबी तर तुमच्याजवळच आहे. माझा किती विश्वास आहे ते बघा."

इतक्या गोड आवाजात बोलले की मीही मान डोलावली. माझ्या टीसीला त्यांनी पुढचा आठवडा दाखवला. रस्त्याला लागल्यावर मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला.

"पोरी, चाबी तुह्या कमरेले हाय आन् तू त्याले कागद मागून राह्यली?"

"सही केली ना बाबाजी. सात फायली ताब्यात."

"आपलीच वस्तू घेतली तं चोरी काहून होईन?"

"यादीत सात अन् आलमारीत सहा निघाल्या, तर त्यानं पोलिसात जायचं म्हटलं तर? केळापूरवाले केस असलेली बाई ठेवतीन का?"

मला उत्तर नसलं की मी जोरात बोलतो, तसा बोललो. ती ऐकत चालली.

घरी धरमसिंगनं आपली जुनी गोष्ट काढली. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर व्यापाऱ्यांचं धान्य लादून मुलूख फिरायचे. त्याचा पणजोबा म्हणे व्यापाऱ्याच्या चाळीस गोण्यांसोबत स्वतःची एक गोणी लादून निघाला. नाक्यावर मुनिमानं एक्केचाळीस मोजल्या, एक्केचाळीस लिहिल्या. वाटेत पोरं भुकेनं रडायला लागली. गोणी आपलीच, पण मोजणीत गेलेली. पणजोबानं गोणीचं तोंड सोडलं नाही. पोरांना रानातली बोरं चारत मुक्कामाला नेलं.

"मोजनीत गेली की आपली वस्तूबी आपली नाई राह्यत," धरमसिंग म्हणाला.

ही गोष्ट मी त्याच्या तोंडून लहानपणापासून ऐकतो. पहिल्यांदा गोण्या बाराच होत्या. पण तांड्यात या गोष्टीपुढं कोणी बोलत नाही. धनीबाई तेवढी बोलली, "तुमच्या पंज्याच्या गोनीनं पोट भरत असन तं तेच वाढते ताटात."

"मामाजी बरोबर बोलून राह्यले," उज्ज्वला म्हणाली. सासऱ्याचा मान ठेवायला म्हणाली की मनातून, ते तिच्या तोंडावरून मला वाचता आलं नाही.

शनिवारी दुपारी मी पुन्हा तिच्यासोबत शाळेत गेलो. सांगितलं की टीसीचं विचारायला, पण खरं म्हणजे ती काय करते ते पाहायला. ऑफिसात आम्ही दोघंच. तिनं आलमारी उघडली, आपली फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि दोरी सोडली. सगळे कागद एकामागून एक पाहिले. प्लॅस्टिकमधलं प्रमाणपत्र वर आलं तेव्हा मी म्हटलं, "घे. मी काईच पाह्यलं नाई."

"तुमी तर सगळ्या तांड्याले सांगान," ती म्हणाली आणि हसली. त्या आठवड्यात ती तेवढीच हसली. मग एकदम खुर्चीवर बसली. "बाबाजी, दिवाळीपासून मी विचार करून राह्यली. मी याले कागद मागते, हा नाही म्हनते, आन् संध्याकाळी कुलूप कोन लावते? मीच. असं कुठं असते का?"

तिनं दोरी बांधली, फाइल जागेवर ठेवली, कुलूप लावलं आणि तडक सदाशिवरावांच्या घरी गेली. मी मागं मागं. त्यांच्या ओट्यावर तिनं चाबी ठेवली.

"सर, यादी घेऊन मोजून घ्या. सातही आहेत. आता माझ्या ताब्यात काही नाही. आता माझे कागद द्या."

मला वाटलं, आता माणूस वाकतो. चाबीशिवाय त्याचं ऑफिस चालत नव्हतं. सदाशिवरावांनी चाबी उचलली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "बरं केलंत. तुमच्यावर फार बोजा होता. एप्रिलमध्ये बघू." मग आतल्या बाजूला तोंड करून आमच्यासाठी चहा सांगितला. आम्ही तो प्यालोही. तोंडावरचा मास्क खाली करायचा, घोट घ्यायचा, मास्क वर करायचा.

सोमवारी ती झेरॉक्स घेऊन एसटीनं केळापूरला गेली. दोन गाड्या बदलून. तिथल्या मॅडमनं झेरॉक्स पाहिले, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढच्या नंबराला फोन लावला. संध्याकाळी ती परत आली, हातपाय धुतले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी मोबाइल चार्जिंगला लावला. शाळा सोडता येत नव्हती, कारण कागद तिथंच. दुसरीकडे लागता येत नव्हतं, त्याचं कारणही तेच.

चाबी मात्र मग कोणीच घेईना. सदाशिवरावांनी ममताबाईंना विचारलं, त्यांना कमरेचं दुखणं निघालं. उर्वशीबाई म्हणाल्या, माझ्या हातून वस्तू हरवतात. बाकीच्या साही जणी हरवणाऱ्या निघाल्या. शेवटी सचिव स्वतःच रोज येऊन ऑफिस उघडू लागले, झाडूही मारू लागले. हे मी बोरीच्या बाजारात पाच जणांना तरी सांगितलं आणि दर वेळी मजा घेऊन सांगितलं.

डिसेंबरात टीसीसाठी गेलो तेव्हा ते आलमारीसमोर उकिडवे बसून घामाघूम झाले होते. टीसीचं पुस्तक सापडेना. शेवटी त्यांनी उज्ज्वलाला फोन लावला. दोन्ही हात कागदांत असल्यानं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून.

"बाई, टीसीचं पुस्तक कुठं ठेवलंय?"

मागं म्हशीचा आवाज आला, पोरांचा आला, मग तिचा.

"दुसऱ्या कप्प्यात, सर. डाव्या हाताला. माझी फाइल आहे ना, ती उचला. तिच्या खाली."

त्यांनी फाइल उचलली आणि टेबलावर माझ्यापुढं ठेवली. हात लांबवला तर पुरेल एवढ्यावर. मी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसलो. पुस्तक निघालं, टीसी लिहून झाली, सही झाली. मग त्यांनी फाइल परत आत ठेवली आणि कुलूप ओढून पाहिलं.

"सापडलं का सर?" फोन चालूच होता.

"सापडलं."

"शिक्का टेबलाच्या खणात आहे. ठेवते सर, पोरं थांबली आहेत."