बोटीच्या गाण्याला मोडायची काडी

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. रात्रपाळी करून आलो आहे, म्हणून या वेळी मी पलंगावर आडवा आहे. खिडकीत कूलर सुरू आहे. बाहेर मे महिन्याचं नागपूर पांढरं पडलं आहे आणि रस्त्यावर कुणी नाही. कूलरची मोटर आधी एकाच सुरात घरघरते. मग त्या घरघरीत माणसांची कुजबुज मिसळते, खूप माणसांची, दरवाजा उघडायची वाट पाहणाऱ्या माणसांची. मी अजून झोपलेलो नाही, एवढं मला कळतं.

"सर, सरका न थोडे," वैजयंती म्हणते.

मी सरकतो. पलंग आता लांब बाकडं झाला आहे आणि त्यावर आम्ही दोघं बसलो आहोत.

वैजयंती टेंभुर्णे आमच्या दैनिकात सोळा वर्षं पानं लावायची. मजकूर आम्ही द्यायचो. तो पानावर कुठे बसेल, फोटो केवढा जाईल, हे ती ठरवायची. पान पास मी करायचो, वृत्तसंपादक म्हणून. सात महिन्यांपूर्वी मेंदूतली शीर फुटून ती गेली. वय त्रेचाळीस. तिची बातमी मीच लिहिली, एका कॉलमात.

"तुम्ही इथं कधी आलीस?" मी विचारतो. मी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आज अर्धंच जमतं.

"मी केव्हाची येऊन बसली, सर. रांगेत पहिला नंबर आहे आपला."

रांग उमरेडच्या बसस्थानकावर लागली आहे. फलाटाच्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी जपानी अक्षरं आहेत. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात उजेडाची, प्लास्टिकची काडी आहे, विझलेली. कुणी ढकलत नाही. कंडक्टर तिकिटं तपासतो आणि प्रत्येकाला वाकून नमस्कार करतो.

वैजयंतीने सलवारवर नारिंगी टी-शर्ट घातला आहे आणि वर ऑफिसचं ओळखपत्र. हा टी-शर्ट तिने एकदाच, दसऱ्याला, ऑफिसात घातला होता. आम्ही हसलो होतो. तिने कुणाचंही वाईट वाटून घेतलं नाही. चहा येईपर्यंत तिने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. जपानमध्ये 'तोमोशिबी' नावाची एक कार्टून मालिका आहे. एका बंदराच्या गावातल्या शाळेत नऊ मुली असतात, त्या गाणी गातात. ज्या नऊ नट्या त्यांना आवाज देतात, त्याच मोठ्या सभागृहात त्या मुली होऊन नाचतात आणि गातात. प्रत्येक मुलीचा एक रंग. जिचं गाणं असेल तिच्या रंगाचे दिवे सगळं सभागृह धरतं. त्या नऊ जणींतली वैजयंतीची आवडती मुलगी होती कानाए, मागच्या ओळीत डावीकडे शेवटची. रंग नारिंगी.

अकरा वर्षं हे चाललं. जपानी तिला येत नव्हतं, पण कुठल्या ओळीनंतर श्रोत्यांनी काय म्हणायचं, किती वेळा आणि कुठे गप्प राहायचं, हे तिला दीडशे गाण्यांचं पाठ होतं. ती म्हणायची, दिवा खांद्याच्या वर न्यायचा नाही, मागच्याला दिसत नाही. गाणारी गात असताना आपला आवाज चढवायचा नाही. घरी ती स्वयंपाकघरातला डाव हातात धरून सराव करायची, असं तिच्या आईने मला नंतर सांगितलं. मी छत्तीस वर्षं बातम्या करतो आहे. एखाद्या कामावर इतकी मेहनत घेणारे लोक मी मोजकेच पाहिले, आणि त्यातल्या कुणीही ती मेहनत फक्त टाळ्या वाजवण्यासाठी घेतली नव्हती.

"चला," ती म्हणते.

आम्ही चालतो आणि आमच्या संपादकीय विभागात पोचतो. टेबलं जागच्या जागी आहेत, पण छत कुठेतरी वर निघून गेलं आहे आणि टेबलांच्या मागे दहा हजार माणसं उभी आहेत. समोरच्या भिंतीवर पहिलं पान उभं आहे. कॉलमच्या रेघा दिसतात. पानातून नऊ जणी चालत बाहेर येतात.

दिवे लागतात. एकदम नाही, आधी पुढच्या रांगा, मग मागच्या, गावात संध्याकाळी लागतात तसे.

"बघा सर. नऊ जणी, नऊही सारख्याच मोठ्या. तुम्ही असं पान पास केलं नसतं."

"एक मोठा फोटो लागतोच पानाला."

"कोणाचा?"

मी नऊही जणींवरून नजर फिरवतो. मागच्या ओळीतली शेवटची मुलगी गाते आहे, आणि आता पाहिल्यावर दिसतं की बाकीच्या आठ जणी तिच्या श्वासावर पाय उचलतात. हे अकरा वर्षं वैजयंती सांगत होती. मी ऐकलं नव्हतं.

"निकाल काय लागला होता, सर?" ती समोर पाहतच विचारते.

"कसला?"

"ज्याच्यासाठी मला थांबवलं त्याचा."

दोन वर्षांपूर्वी तिला या कार्यक्रमाचं तिकीट लागलं होतं. तिकिटं सोडत काढून देतात. तिचं सहाव्या खेपेला लागलं. पासपोर्ट होता, व्हिसा आला होता. कार्यक्रम ज्या शनिवारी होता, त्याच शनिवारी निवडणुकीची मतमोजणी होती. तिचा अर्ज तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. मग मी त्यावर 'नामंजूर' लिहिलं आणि खाली, चांगुलपणा म्हणून, 'पुढच्या वर्षी जावे'. ती "बरं सर" म्हणाली. त्या दिवसाचं पहिलं पान मी आजवर पास केलेल्या सर्वांत नेटक्या पानांपैकी आहे.

कोण निवडून आलं होतं, ते मला आठवत नाही. मी ओळीने सगळे मतदारसंघ आठवून पाहतो. एकही चेहरा येत नाही.

"आठवत नाही," मी म्हणतो.

"मलाही नाही." ती हसते. "पान मात्र चांगलं लागलं होतं."

"वैजयंती, तो अर्ज मी..."

"सर, आता बोलू नका. आता बोटीचं गाणं आहे."

ती माझ्या हातात एक काडी देते. ही काडी मला ओळखीची आहे. तिचा ड्रॉवर रिकामा केला तेव्हा पट्टी आणि डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर ती निघाली होती. तिच्या आईने ती मला ठेवायला सांगितली. आत काचेची कुपी असलेली बोटभर जाडीची नळी. मधोमध मोडली की कुपी फुटते आणि नारिंगी उजेड पडतो. तो पाच मिनिटं टिकतो, मग कायमचा जातो. पाकिटावर तिच्या अक्षरात मार्करने लिहिलं आहे: चार मिनिटं बारा सेकंद.

"चार बाराला वाद्यं थांबतात," ती सांगते. "बोट सुटते न, तेव्हा. चार मात्रा कोणी काही करत नाही. मग सगळ्यांनी एकदम मोडायची. तुम्ही मोडा."

"मी? ही तुझी आहे."

"माझ्या हातात पेटत नाही. सहा वेळा पाहिलं."

ती स्वतःजवळची एक काडी माझ्यासमोर वाकवते. काडी वाकते आणि अंधारीच राहते. ती खिशात टाकते, चष्मा टाकावा तशी.

"मी लवकर मोडली तर?"

"तुम्ही काहून घाबरून राहिले? आयुष्यभर वेळेवरच तर सोडले पेपर."

"लवकर मोडली तर, वैजयंती?"

आता ती माझ्याकडे पाहते. "तर त्या अंधारात कानाएला एकच दिवा आधी लागलेला दिसेल. ती मागच्या ओळीत असते, तिला सगळं दिसते. याची दुरुस्ती उद्याच्या अंकात नाही टाकता येत."

गाणं सुरू होतं. मला शब्द कळत नाहीत. एक मुलगी धक्क्यावर उभी आहे आणि बोट सुटते आहे, एवढं कळतं. कुणी ओरडत नाही. दहा हजार माणसं दिवे विझवतात, एक एक करून, आणि सभागृह काळं होत जातं. वैजयंतीचे ओठ हलताहेत, आवाज नाही. तिचा रिकामा हात खांद्याच्या खाली, नेमका तिथे धरलेला आहे. भिंतीवरच्या ऑफिसच्या घड्याळाला काटे नाहीत. मला मनात मोजावं लागतं, आणि माझा हात आधीच जोर लावू लागला आहे.

वाद्यं थांबतात.

एक. बाजूला तिचा श्वास ऐकू येतो, किंवा कूलर. दोन. मागच्या ओळीतली मुलगी मान वर करते. तीन. मी मोडत नाही. चार.

दहा हजार काड्या मोडल्याचा आवाज होतो. पावलाखाली वाळलेलं रान मोडावं तसा. माझ्या हातातलाही त्यातच आहे. मी वैजयंतीकडे वळतो.

तीन वाजून बावन्न मिनिटं. छत, पंखा, कूलर. तिचा चेहरा उजळला की नाही, ते मला दिसलेलं नाही.

आज त्या नऊ जणींचा शेवटचा कार्यक्रम योकोहामात होता. चार ओळींची बातमी गेल्या आठवड्यात एजन्सीकडून आली होती. मी ती घेतली नव्हती. कार्यक्रम आपल्या वेळेने दुपारी एकला सुरू होणार होता.

मी पलंगाशेजारचा ड्रॉवर उघडला. पारदर्शक पाकीट ठेवलं होतं तिथेच आहे. त्याचं तोंड बंद आहे, कारखान्यात चिकटवलेलं, कुठेही फाटलेलं नाही. आतली काडी मधोमध वाकलेली आहे आणि पेटलेली आहे. उकाड्याने अशी काडी आपोआप पेटल्याची नोंद मला शोधून सापडली नाही. पाकिटावर छापील मजकूर आहे: उजेड पाच मिनिटं.

साडेचारला मी ऑफिसात फोन करून आज रजा हवी असल्याचं सांगितलं. पलीकडून विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, बरं आहे.

योकोहामात बोटीचं गाणं झालं का, झालं तर किती वाजता, याची माहिती हे लिहीपर्यंत आलेली नाही. आता पाच वाजून वीस मिनिटं झाली आहेत. काडी पेटलेली आहे.